अर्थाच्या रकान्यात दगड

टायपिंग सेंटरमध्ये बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. "वडिलांचं नाव?" एवढंच विचारायचं. नुसतं नाव सांगून कोणी थांबत नाही. वडील काय करायचे, कसे गेले, थोरल्याला काय दिलं आणि धाकट्याला काय नाही, सगळं येतं. फॉर्मवर जागा असते एका ओळीची. उरलेलं माझ्याकडे राहतं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं ही लक्ष देऊन ऐकतेय. ऐकतच असते म्हणा.

लग्नानंतर दीड महिन्याने मी मस्कतला आले. निखिल, म्हणजे माझा नवरा, एका शिपिंग कंपनीत आहे. घर दार्सैतला, देवळाच्या वरच्या चढावर. दोन माणसांचा स्वयंपाक अकराला आटपतो, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत एसीचा आवाज ऐकायचा. मग निखिलच्या ओळखीने याकूबभाईंच्या सेंटरमध्ये लागले. सेंटर उतारावर, रुवीच्या बाजूला, चालत दहा मिनिटं. याकूबभाई दापोलीकडचे. अरबी दोन बोटांनी टाइप करतात, पण वेगाने. इंग्रजीची बाजू माझ्याकडे आली. मी इथे काम करू शकते, असा परवानगीचा अर्ज त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडूनच टाइप करून घेतला. "सूनबाय, ही तुझी परीक्षा," म्हणाले. सून मी त्यांची नव्हे, पण रत्नागिरी जिल्ह्यात दिलेली मुलगी म्हणून.

लायसन्स, लेबरचे कागद, सगळंच असतं आमच्याकडे. माझ्या टेबलावर मात्र जन्मदाखले येतात. बाळाचं नाव, त्याचा अर्थ, आईबापाचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला. सगळं भरून वर पाठवायचं. सरकारी हॉलमधून उत्तर येतं, मंजूर किंवा नामंजूर.

* * *

पहिला किस्सा माझाच. त्यात बाळ नाही, पण नाव आहे.

लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहवून घेतलं. ईश्वरी. छान आहे. पासपोर्टवर मात्र माहेरची मृणालच. लग्नाच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत सासरे गेले होते, त्यांनी अर्थातच सुनेचं नाव ईश्वरी सांगितलं. मस्कतला व्हिसाच्या खिडकीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले.

खिडकीतला गृहस्थ भला होता. आवाज खाली आणून त्याने निखिलला विचारलं, की लग्न ईश्वरीशी झालंय आणि तू बरोबर आणलंयस मृणालला, तर ईश्वरी कुठे आहे? निखिल म्हणाला, हीच ती. तो गृहस्थ हसला. घाबरू नकोस, म्हणाला. दोन असल्या तरी चालतं, कायद्याने चारपर्यंत परवानगी आहे. फक्त दोघींचे कागद वेगवेगळे आण.

"नको, एक पुरे," निखिल म्हणाला.

म्हणाला खरं, पण म्हणण्याआधी दोन सेकंद थांबला. ते दोन सेकंद मी नोंदवून ठेवलेत.

* * *

माझ्या पहिल्याच आठवड्यात महादेव आला. संगमेश्वरकडचा, निझवाला एका कंपनीत एसीची कामं करतो. निझवाहून मस्कतला यायला-जायला अर्धा दिवस मोडतो, पण त्याचे सगळे कागद पहिल्यापासून याकूबभाईंकडे. बरोबर बायको होती, सुनंदा, आणि तिच्या मांडीवर चोवीस दिवसांचं बाळ, पांढऱ्या फडक्यात डोक्यापर्यंत गुंडाळलेलं.

मी विचारलं, "बाळाचं नाव?"

महादेवने बायकोकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "दगडू."

मी वर पाहिलं. सुनंदा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल. ओढणी नीट पिन केलेली, हातात स्मार्टफोन. या वयाच्या आया माझ्यासमोर बसतात तेव्हा नावं आरुष, रेयांश अशी असतात.

"पहिला राजवीर," ती म्हणाली. "तीन महिन्यांचा होऊन गेला. मग ओजस. तो एकवीस दिवस." आणि मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "दगडू लिहा ताई."

मी लिहिलं. अर्थाचा रकाना आला. याकूबभाईंनी अरबीत अर्थ लिहिला, दगड. महादेव हळूच म्हणाला, अर्थ जरा बदलून नाही का लिहिता येणार? डोंगर वगैरे? याकूबभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतकी वर्षं ही खुर्ची टिकली ती कशावर? फॉर्मात खोटं लिहीत नाय मी. दगड म्हंजे दगड."

नवव्या दिवशी उत्तर आलं. नामंजूर. कारण एका ओळीचं होतं. नावाचा अर्थ बालकाचा मान कमी करणारा आहे, पालकांनी चांगलं नाव सुचवावं.

चांगल्या नावांचीच तर तिला भीती होती. पण तो रकाना फॉर्मवर नसतो.

* * *

यानंतरचा किस्सा माझ्या चुकीचा आहे, म्हणून लवकर सांगून टाकते.

नाशिककडचे एक इंजिनियर, पहिलाच मुलगा. फॅमिली ग्रुपवर मतदान घेऊन त्यांनी नऊ नावं काढली होती, पसंतीच्या क्रमाने. कॉलेज अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरतात तशी त्यांनी ती सगळी नावाच्या जागी ओळीने लिहिली. पहिलं नाही मिळालं तर दुसरं, असा हिशोब. याकूबभाई नमाजला गेले होते. मी नवी. असेल इथली पद्धत, म्हणून नऊच्या नऊ टाइप केली आणि पाठवली.

हॉलमध्ये जन्मदाखल्यांच्या काउंटरवर शरीफा मॅडम असतात. जाड चष्मा, काळा अबाया, आणि नियम सोडून बोलणं नाही. महादेवच्या फाइलवर नामंजूर लिहिलं तेही त्यांनीच. त्यांचा याकूबभाईंना फोन आला. आवाजात चक्क आदर होता. अरबी नावात स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, अशी साखळी असते. त्यांनी ती यादी तशीच वाचली होती. म्हणाल्या, माझ्या आजोबांना सात पिढ्या तोंडपाठ होत्या, आणि त्याचं आम्हाला केवढं कौतुक. या हिंदी माणसाने नऊ सांगितल्या. माशाल्ला. अशी घराणी आता राहिली नाहीत.

याकूबभाईंनी फोन ठेवला, यादी हातात घेतली आणि शांतपणे वाचली. मग मला म्हणाले, "सूनबाय, तिला आता कोण सांगणार की खापरपणजोबाचं नाव कियान होतं?"

शेवटी त्यांनीच सांगितलं. पहिलं नाव एका दिवसात मंजूर झालं. ती यादी अजून याकूबभाईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

* * *

नामंजूर झालं म्हणून रडणारे पुष्कळ. मंजूर झालं म्हणून रडणारा मी एकच पाहिला.

सांगलीकडचे हे गृहस्थ इथे एका हॉटेलात अकाउंट्स बघतात. मुलगी झाली. गावच्या गुरुजींना फोनवर जन्मवेळ कळवली, त्यांनी पत्रिका मांडून अक्षर दिलं, नाव ठरलं, मंजूर झालं. नंतर लक्षात आलं की कळवलेली वेळ मस्कतची होती आणि गुरुजींनी ती सांगलीची धरली. दीड तासाचा फरक. त्या दीड तासात चरण बदललं आणि अक्षरही बदललं.

आधी ते आमच्याकडे आले, दाखल्यावरची वेळ भारताची करून द्या म्हणून. मुलगी भारतीय आहे, मग वेळही भारतीय नको का? याकूबभाई म्हणाले, मुलगी भारतीय, पण ती आली तेव्हा भिंतीवरलं घड्याळ ओमानचं होतं.

मग ते थेट शरीफा मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "मॅडम, प्लीज रिजेक्ट करा."

मॅडमनी फाइल दोनदा चाळली. त्यांना त्या नावात काहीही वावगं सापडेना. अर्थ पहाटेचा प्रकाश. त्यांनी विचारलं, हे नाव कोणी सुचवलं? हे म्हणाले, मीच. मग हरकत कोणाची आहे? हे म्हणाले, ताऱ्यांची.

मॅडम म्हणाल्या की ताऱ्यांना अर्ज घेऊन यायला सांगा.

* * *

ऑगस्टमध्ये महादेव दुसऱ्यांदा आला. दुसऱ्यांदा नामंजूर. आता बाळ अडीच महिन्यांचं होतं. दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही. आईबाप ओमानमध्ये कागदावर होते, बाळ नुसतंच होतं. डोस द्यायला नेलं की दर वेळी नर्स विचारायची, नाव काय लिहू? आणि सुनंदा सांगायची, आणि नर्स लिहायची नाही. सुनंदाची आई गावाला आजारी होती, तिला नातू दाखवायला न्यायचं तर तेही नाही.

महादेव एकटाच आला होता. कोणतंही नाव घाला आणि मोकळं करा, असं त्याचं म्हणणं. "पण ती ऐकत नाही. तुम्ही बोला ना वहिनी तिच्याशी." मी कोणाशी काय बोलणार? मी फोन लावून याकूबभाईंकडे दिला.

याकूबभाईंनी तिला सलीमची गोष्ट सांगितली. सलीम म्हणजे आमच्या शेजारच्या टायरच्या दुकानाचा मालक, ओमानी. लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून त्याचं हिंदी माझ्यापेक्षा साफ आहे. त्याला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव राणी ठेवायचं होतं. ओमानी नागरिकाच्या मुलीला हे नाव चालणार नाही म्हणून नामंजूर झालं. सलीमने तक्रार केली नाही. कागदावर स्वतःच्या आईचं नाव घातलं आणि घरी तिला राणीच म्हणतो. दुकानात येते तेव्हा सगळे टायरवाले राणीच म्हणतात. मी त्याला विचारलं होतं, चालतं असं? तो म्हणाला, "सरकार घर के अंदर थोडी आता है."

तर तसंच कर, असं याकूबभाईंनी सुनंदाला सुचवलं. कागदावर एक, घरात दगडू. कोकणात काय, आम्हा मुसलमानांत काय, घरोघरी दोन-दोन नावं असतात.

फोन स्पीकरवर होता. सुनंदा म्हणाली, "सरकार येत नाही हो भाई घरात. येतं ते वेगळंच असतं. त्याला कागद पण वाचता येत असला तर?"

याकूबभाईंनी महादेवला चहा पाजला आणि फॉर्म पुन्हा काढायला मला सांगितलं. तिसऱ्या वेळेला समक्ष जावं लागतं, आणि तिथे जे ठरेल ते शेवटचं. हॉलवाले नाही म्हणाले तर त्यांच्या यादीतलं एखादं नाव निवडून सही करायची.

* * *

मधल्या काळात एक आत्याबाईही होऊन गेल्या, त्यांना विसरून चालणार नाही.

अल हैलला राहणारं जोडपं, तिघांच्या ओळखीने आलेलं. सगळे कागद तयार, नावाची जागा रिकामी. का? तर नाव आत्या ठेवणार. आत्या कुठे? कुडाळला. मग विचारा फोनवर. तर आत्या रुसलेल्या. दिवस गेल्याची बातमी त्यांना सातव्या महिन्यात कळली, तीही तिसऱ्याकडून. आता त्या म्हणत होत्या, जिला आधी सांगितलं तिलाच नाव विचारा.

तिसरा आठवडा लागला तेव्हा शरीफा मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं. मी नव्हते, याकूबभाई होते. मॅडमनी विचारलं, बाप हयात आहे? आहे. आई हयात आहे? ही काय, समोर. बाळ त्यांच्याच ताब्यात आहे? हो. मग जी बाई या देशातही नाही तिची परवानगी कशाला लागते?

बापाने याकूबभाईंकडे बघितलं. याकूबभाई म्हणाले, "मॅडम, त्यांच्यात आत्याच अर्बाब असते."

अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या सहीशिवाय आम्हा बाहेरच्यांचं पान इथे हलत नाही. मॅडमना एका शब्दात सगळं कळलं. त्यांनी कुडाळसाठी आणखी एक आठवडा मुदत दिली. आत्यांनी सातव्या दिवशी नाव सांगितलं. स्वतःचंच.

* * *

महादेवची तारीख लागली तेव्हा याकूबभाई पुतण्याच्या लग्नाला दापोलीला गेलेले. जाताना मला म्हणाले, "तू जा सूनबाय त्यांच्यासंगती. तू बोलत नाहीस ते बरंच हाय. जास्त बोललं की ती बाई कागद बंद करते."

मी आदल्या दिवशी काही अरबी वाक्यं पाठ केली. निखिलने माझी उजळणी घेतली. चार महिन्यांत कानावर पडून बरंच समजायला लागलं होतं, पण तोंडातून काढायचं म्हणजे वेगळं.

हॉलमध्ये एसी इतका की बाळाला आणखी एक फडकं गुंडाळावं लागलं. महादेव ड्यूटीचा शर्ट घालून आला होता, परत निझवाला जाऊन रात्रपाळी होती. सुनंदाने निघताना त्याला काय सांगितलं असेल माहीत नाही, पण तो यादीकडे बघतही नव्हता. यादी काउंटरवर ठेवलेली होती. इंग्रजीत, मॅडमनी मुद्दाम कोणाकडून तरी करून घेतलेली, सगळी भारतीय नावं, सगळी छान. सहीची जागा खाली आखलेली.

मॅडमनी फाइल उघडली. दोन नामंजूर पत्रं वर काढून ठेवली. रागावल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, हळूहळू, मला समजेल अशा बेताने, की हिला सांग, चांगलं नाव हा मुलाचा आईबापावरचा पहिला हक्क आहे. शाळेत हेच नाव पुकारतील. नोकरीत हेच, लग्नात हेच. हे नाव त्याला आयुष्यभर वागवायचंय.

मी सुनंदाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आयुष्यभर म्हणाल्या ना त्या?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. "मग सांगा त्यांना. तेवढंच हवंय मला."

पाठ केलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं. जमेल तसं सांगितलं. बहुतेक असं सांगितलं, की ती म्हणते, आयुष्यभर, बस्, हेच हवं.

मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या जरा वयस्क दिसतात. सुनंदाकडे बघत त्यांनी विचारलं, याच्या आधी किती?

मी मराठीत सांगायला सुनंदाकडे वळले. तिने आधीच दोन बोटं वर केली होती.

मॅडमनी यादी उचलून खणात टाकली. कीबोर्ड पुढे ओढला. नाव अरबीत लिहिलं, अर्थाच्या रकान्यात जे होतं ते तसंच ठेवलं, फाइलवर शिक्का मारला, सही केली. प्रिंटरमधून दाखला बाहेर आला. महादेवने तो दोन्ही हातांनी घेतला.

मग मॅडम खुर्चीतून उठल्या. काउंटरवरून वाकल्या आणि बोटाने फडकं बाजूला करून त्यांनी बाळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाळ कसं होतं ते मी इथे लिहीत नाही, उगाच दृष्ट नको.

"शीन," मॅडम म्हणाल्या. "वाजिद शीन."

आणि बसून त्यांनी पुढची फाइल घेतली.

"काय म्हणाल्या?" सुनंदाने मला विचारलं.

मी महादेवकडे बघितलं. त्याला समजलं होतं, इतकी वर्षं इथे आहे तो. त्याने मान दुसरीकडे वळवली. सुनंदा वाट बघत होती.

"म्हणाल्या, कुरूप आहे," मी म्हटलं. "फार कुरूप आहे."

सुनंदाने फडकं पुन्हा बाळाच्या तोंडावर ओढलं. मग काउंटरकडे वळून तिने तिला येणारा एकुलता एक अरबी शब्द उच्चारला.

"शुक्रन."